जायफळाचे वीस वळसे

“जायफलाचा एकुच वलसा दे, बाय. दोन दिलंस तं पोर रातभर निजंल. तीन दिलंस तं पोर निजंल नि तू रातभर जागशील.”

गोदूबाईंनी हे मला थेल्माच्या बाराव्या दिवशी सांगितलं. गोदूबाई चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या. ठाण्यातली निम्मी मुलं त्यांच्या पायांवर न्हायली आहेत. बाळाला न्हाऊ घालताना त्या जे बोलतील ते आईनं निमूट ऐकायचं, अशी इथली रीत. पण मी पडले मुंबईच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली. तिथल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी आम्हां तीन मुलींना पहिल्या बाकावर बसवून सांगितलं होतं, की ज्याला आकडा नाही त्याला अर्थ नाही. आणि वळसा हे काय माप झालं? ओल्या सहाणेवर जायफळ एकदा गोल फिरवलं, की झाला वळसा. फिरवणारीचा हात जड असला तर? जायफळ किडकं असलं तर? मी हे सगळं गोदूबाईंना विचारलं.

“तं मंग देऊच नको,” त्या म्हणाल्या आणि थेल्माला पालथी केली.

मी हसले. त्या हसण्याचं काय झालं ते सांगायला बसले आहे. मध्येच उठले तर रागावू नका. थेल्मा आतल्या खोलीत निजली आहे आणि दर थोड्या वेळानं तिचा श्वास चालू आहे की नाही हे मला पाहावं लागतं. सासूबाई म्हणतात, तू पाहतेस म्हणून चालतो असं नाही. असेल. पण न पाहण्याचा प्रयोग कोणी करायचा?

(पाहून आले. चालू आहे.)

आमचे पायस ठाण्याच्या आबकारी कचेरीत कारकून. माणूस सज्जन, अक्षर मोत्यासारखं, आणि झोप इतकी सावध की थेल्मानं रडण्यासाठी नुसतं तोंड उघडलं तरी ते अंथरुणावर उठून बसतात. आवाज मागाहून येतो. अशा माणसाच्या हातात दोन आठवड्यांपूर्वी बदलीचा हुकूम पडला. कल्याणपलीकडे मोहन्याजवळ, नदीकाठी, आबकारीचं नवं ठाणं निघालं होतं. तिथं पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, सोमवारी, सहकुटुंब हजर व्हायचं. राहायला कुडाची खोली. तिच्या एका बाजूला नदी, उरलेल्या तीन बाजूंना डास. तिथं आधी दोन कारकून गेले होते. पहिले हिवतापानं पिवळे होऊन परत आले. दुसरे अजून परत यायचे आहेत.

मी हुकूम वाचला आणि पाळण्याकडे पाहिलं. साडेतीन महिन्यांचं मूल, बारा पौंड वजन. हे मी अंदाजानं सांगत नाही. दर शनिवारी मी तिला दौलत वाण्याच्या तराजूत घालून तोलते. दुसऱ्या पारड्यात गुळाची ढेप असते.

हुकूम फिरवणं एकाच माणसाच्या हाती होतं: ग्रिम्सडेल साहेब. साहेब भला मोठा, लालबुंद आणि कायमचा चिडलेला. आता योग असा, की गेल्या रविवारी थेल्माचा बाप्तिस्मा ठरला होता. (तो मी तीनदा पुढे ढकलला होता, कारण दर वेळी मला देवळातलं पाणी गार वाटे. पाद्रीबाबा शेवटी म्हणाले, “डोरोथीबाई, मूल लग्नाला आलं की आणा.”) पायसांनी कचेरीच्या शिष्टाचाराप्रमाणे साहेबांना आमंत्रण दिलं, आणि शिष्टाचार सोडून साहेबांनी ते स्वीकारलं.

“चहा देऊ आणि बोलू,” पायस म्हणाले.

“चहा?” साहेबांचा बटलर टोनी आमच्या ओट्यावर बसला होता, तो म्हणाला. टोनी गोव्याचा, पण वीस वर्षं साहेबलोकांत वावरल्यानं त्याला त्यांच्या पोटाची नाडी कळते. “बाय, माझा साहेब चहा पितो आनी इसरतो. रजेवर अमेरिकेला जाऊन आलाय. तितं त्याला कॉकटेलची चटक लागली. हितं कोन करून देनार? मला जमत नाय, मी जुना मानूस, मला सूप जमतं. तू शिकलेली हाय. तू कॉकटेल दिलंस तर तो जलमात इसरनार नाय.”

आणि त्यानं साहेबांच्या कपाटातलं एक पातळसं इंग्रजी पुस्तक मला आणून दिलं. घरच्या घरी कॉकटेल कशी करावीत, खास नवशिक्यांसाठी.

आमच्या घरी पेल्याचं कुणाला वावडं नाही हे आधीच सांगते. बाप्तिस्म्याला उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे आणि पाहुण्यामागे एकेक पेला, ही आमच्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सासूबाईंना, म्हणजे अ‍ॅग्नेसबाईंना, वावडं होतं ते पुस्तकाचं.

“दारू पुस्तकात बघून करतात? उद्या मासळी नकाशात बघून तळशील.”

पण मी पुस्तक उघडलं आणि माझ्या जिवात जीव आला. ते अक्षरशः बाळघुटीचं पुस्तक होतं! थोडं हे, थोडं ते, एक कडू, एक गोड, एक सुगंधी, सगळं मापानं एकत्र करायचं आणि घेणाऱ्यानं तोंड वाकडं केलं तरी त्याच्या भल्यासाठी पाजायचं. तीन महिने मी दुसरं काय करत होते?

मापं मात्र चमत्कारिक होती. ब्रँडी ‘एक पोनी’, म्हणजे एक तट्टू, घ्यावी असं लिहिलं होतं. तट्टू हे माप असावं एवढं कळलं, पण केवढं, हे पुस्तक ज्यांना आधीच ठाऊक आहे त्यांच्यासाठी लिहिलेलं होतं. मी थेल्माचं दूध पाजायचं चांदीचं बोंडलं घेतलं. दोन बोंडली म्हणजे एक तट्टू, असं ठरवून टाकलं. ‘क्युरासाओ’ म्हणजे संत्र्याच्या सालींची कसलीशी गोड दारू. तिच्याऐवजी सासूबाईंच्या संत्र्याच्या मुरंब्याचा पाक. हलवायला घट्ट झाकणाचं भांडं हवं. आमचा प्रवासाचा फिरकीचा तांब्या. गाळायला बारीक जाळी हवी. थेल्माचा मलमलीचा लंगोट. कोरा होता. शपथेवर सांगते.

राहिलं ‘बिटर’. पुस्तकात लिहिलं होतं, कडू मुळांचा अर्क, दोन-तीन थेंब. शेजारच्या रखमाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, “कडू ना? मग काडेचिराईत घाला. त्याहून कडू देवानं काही केलेलं नाही.” रखमाबाईंनी जन्मात दारूचा थेंब पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती होतं. त्यांनी आपल्या हातानं काढा करून दिला, वर सांगितलं, “साहेबाला म्हणावं सकाळी अनशापोटी घे, रक्त शुद्ध होतं.”

सगळं असं जुळत आलं असताना माझे थोरले दीर वॉल्टरभाऊजी आले. भाऊजींना कुणी सल्ला मागत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे तो भरपूर शिल्लक असतो.

“पायस,” ते खुर्चीत बसत म्हणाले, “एक दारू पिणं हा शौक. दोन दारवा एकत्र करणं हा धंदा. धंद्याला परवाना लागतो. तू आबकारीतला माणूस, तुझ्याच घरी, तुझ्याच साहेबासमोर? मोहने राहिलं बाजूला, तुला अंदमानला धाडतील.”

पायसांचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, “अहो, ब्रँडी एकच दारू आहे. चिराईत दारू नाही, मुरंबा दारू नाही.”

“तू मला कायदा नको शिकवू, डोरोथी. मिश्रण ते मिश्रण.”

दुसऱ्या दिवशी पायसांनी रीतसर अर्ज केला: ‘अर्जदारास कन्येच्या बाप्तिस्म्यानिमित्त घरगुती मिश्रण करण्याची परवानगी मिळावी.’ अर्ज आवक बारनिशीत नोंदला गेला, वरच्या टेबलावर गेला, तिथून अभिप्रायासाठी खाली संबंधित कारकुनाकडे आला. संबंधित कारकून पायसच.

दुसऱ्या कुणी ‘हरकत नाही’ लिहून मोकळं व्हावं. पण पायस प्रामाणिक. त्यांनी अर्जावर शेरा मारला, ‘अर्जदाराची वर्तणूक व जागा यांची चौकशी व्हावी.’ आणि संध्याकाळी डोक्यावर पगडी ठेवून, हातात वही घेऊन, स्वतःच्या घराची कडी वाजवली.

“अर्जदार घरी आहेत का?”

“आत्ताच आले,” मी म्हटलं. “पगडी काढा.”

“डोरोथी, चेष्टा नको. घरात भट्टी, नळी, मडकी वगैरे आहे का?”

सासूबाई आतून ओरडल्या, “मडकी आहेत. एक तुझ्या डोक्यात घालू?”

पायसांनी लिहिलं, ‘मडकी आढळली, पैकी एक वापरात येण्याचा संभव.’ तरी शेवटी परवानगी आली. फक्त तिच्यात एक अट होती: मिश्रण जबाबदार अधिकाऱ्याच्या नजरेसमोर करावे. जबाबदार अधिकारी म्हणजे ग्रिम्सडेल साहेब. म्हणजे मी आधी गुपचूप दोनदा करून, चुकून, सुधारून, मग ऐटीत पेला आणून ठेवावा असं योजलं होतं, ते गेलं. सगळं चारचौघांत, पहिल्यांदाच, साहेबांच्या डोळ्यांदेखत.

(पाहून आले. कुशीवर वळली आहे.)

रविवारी सकाळी देवळात थेल्मा रडली नाही, पाणी कोमट होतं, मी आधीच पाद्रीबाबांकडे गरम पाण्याची किटली पाठवली होती. पाहुणे दुपारी चारला यायचे. बर्फ बाराच्या गाडीनं मुंबईहून यायचा. पायस खुर्च्या गोळा करत फिरत होते, म्हणून बर्फ आणायला स्टेशनावर मी गेले.

पार्सलबाबू हरिहर चष्मा पुसत म्हणाले, “वीस पौंड माल निघाला. इथं तेरा भरतो. सात पौंड गहाळ.”

“गहाळ नाही हो, वितळला.”

“कुणी वितळवला?”

“कुणी नाही. बर्फ आहे तो.”

“बाई, माझ्या वहीत रकाने आहेत: चोरी, फूट, ओल. वितळणे असा रकाना नाही.”

“मग ओल लिहा.”

“ओल म्हणजे बाहेरचं पाणी आत शिरणं. तुमचं आतलं पाणी बाहेर आलंय. उलटं प्रकरण आहे.” ते विचारात पडले. पोत्याखालून पाण्याचा ओघळ माझ्या वहाणांपर्यंत आला. “बरं, फूट लिहितो. तेरा पौंड. पुन्हा एकदा तोलू, आकडा चुकायला नको.”

पुन्हा तोललं. अकरा भरला.

“हे बघा!” हरिहरांनी मला दोषी धरलं. “माझ्या देखत दोन पौंड गेले! आता खाडाखोड करावी लागणार. खाडाखोडीवर मास्तरांची सही लागते आणि मास्तर जेवायला गेलेत.”

मी त्या काट्याकडे पाहत उभी राहिले. दुसरं पाहण्यासारखं काही नव्हतं. हरिहरांना वाटलं, मला काट्याविषयी शंका आहे.

“काटा चोख आहे, बाई. तुमचे ग्रिम्सडेल साहेब दौऱ्यावर निघण्याआधी याच काट्यावर उभे राहतात. दोनशे चाळीस पौंड. मीच तोलतो, मीच लिहितो. त्यांचं वजन कधी गहाळ झालेलं नाही.”

मास्तर जेवून, पान खाऊन आले तेव्हा बर्फ सात पौंड होता. ‘माल पूर्ण मिळाला’ असं लिहून देऊन मी तो उचलला आणि पळत घरी आले. पण वाटेत डोक्यात एकच आकडा फिरत होता. दोनशे चाळीस.

कारण पुस्तकात शेवटी लिहिलं होतं, वरून जायफळ किसून घालावे. किती, ते लिहिलं नव्हतं! आणि इथे माझं शिक्षण माझ्या मदतीला धावून आलं. शिक्षणाची हीच खोड आहे, बोलावलं नाही तरी धावून येतं. त्रैराशिक तर आपण सगळेच शिकतो. बारा पौंडाच्या मुलाला जायफळाचा एक वळसा, तर दोनशे चाळीस पौंडाच्या साहेबाला किती? बारानं भागा. वीस. एवढं सरळ, स्वच्छ, शास्त्रशुद्ध गणित गोदूबाईंना सुचलं नसतं, असं माझ्या मनात आलंसुद्धा.

साडेचारला साहेब आले. सासूबाईंच्या वेताच्या आरामखुर्चीत बसवले, खुर्ची कण्हली. मागे टोनी. भोवती आमचे नातेवाईक पानांवर चणे-खोबरं घेऊन उभे, पण साहेबांच्या आधी खायचं कसं म्हणून नुसते उभे. मध्ये मी, समोर सहाण, बोंडलं, फिरकीचा तांब्या. पायस जवळ वही घेऊन, परवानगीच्या कागदावर ‘मिश्रण सुरू’ अशी वेळ टिपायला.

दोन बोंडली ब्रँडी. पाक. काडेचिराईत, तीन थेंब घालायचे होते, वाटी कलली आणि अर्धी आत गेली. मग सहाणेवर जायफळ. एक, दोन, तीन... साहेब पुढे वाकून पाहत होते. अमेरिकेत त्यांनी हे पाहिलेलं नसावं. वीस झाल्यावर मी चाटण बोटानं निपटून तांब्यात घातलं, बर्फ घातला, फिरकी लावली आणि हलवू लागले. ते मात्र मला उत्तम येतं. तीन महिने मी रोज चार-चार तास काहीतरी हलवतेच आहे. नकळत मी ‘अं अं’ असंही गुणगुणू लागले होते, असं रखमाबाई नंतर म्हणाल्या. त्या भिंतीवरून पाहत होत्या.

फिरकी बसली ती बसलीच. गारव्यानं पितळ आकसतं. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याचा काडीचाही उपयोग नव्हता. भाऊजींनी तांब्या गुडघ्यांत धरला. पाद्रीबाबांनी झाकण धरलं. “उलटीकडे! उलटीकडे!” असं सगळे म्हणत होते, आणि प्रत्येकाची उलटीकडे वेगळी होती. शेवटी ‘फट्‌’ झालं, भाऊजी मागे पडले, आणि तांब्यातलं निम्मं त्यांच्या सदऱ्यात गेलं. उरलेलं लंगोटातून गाळून मी काचेच्या पेल्यात साहेबांना दिलं.

साहेबांनी घोट घेतला. त्यांचा चेहरा थेल्मा घुटी घेताना करते तसा, अगदी तसाच झाला. माझा हात नकळत त्यांची हनुवटी पुसायला पुढे गेला, पायसांनी तो धरला. साहेबांनी डोळे मिटले. डोळे उघडले. म्हणाले, “विलक्षण.” आणि पेला संपवला.

“आता बोला,” मी पायसांना कोपरानं ढोसलं.

पायसांनी घसा साफ केला, खिशातून बदलीचा कागद काढला, “महाराज, माझी मुलगी साडेतीन महिन्यांची...” इथपर्यंत आले. साहेबांची मान छातीवर टेकली होती.

आधी सगळ्यांना वाटलं, विचार करतायत. दहा मिनिटांनी ते घोरू लागले. मग प्रश्न असा पडला, की अधिकारी निजला असताना पाहुण्यांनी खावं काय? भाऊजी म्हणाले, कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नाही. म्हणून कुणीच खाल्लं नाही. तीस माणसं चण्यांची पानं हातात धरून चिडीचूप उभी. पायसांनी दोनदा खोकून पाहिलं. टोनीनं बूट सरकवले. सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, “थेल्माला रडव. ती रडली की गल्ली उठते.”

पण थेल्मा तीन महिन्यांत पहिल्यांदाच दुपारी हसत होती.

“चिमटा काढ.”

“आई! माझ्या मुलीला चिमटा?”

“मग साहेबाला काढ!”

तास झाला. घोरणं थांबलं. मी आतल्या खोलीतून आरसा आणला, साहेबांच्या नाकाशी धरला. धुकं आलं. पुसला, पुन्हा धरला. पुन्हा आलं. पायस म्हणाले, “डोरोथी, ते साहेब आहेत.” मी म्हटलं, “निजले की सगळे सारखेच.”

कुणीतरी गोदूबाईंना बोलावून आणलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, सहाणेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“कवरं वलसं?”

“वीस.”

गोदूबाई खालीच बसल्या. “वीस! बाय माझे, वीस वलशात चेंदनीचा अख्खा कोलीवाडा निजंल!”

“पण त्रैराशिकानं...”

“त्याला बोलाव. त्यानं केलंय तं त्यानंच उठवावं.”

त्यांनी साहेबांचे बूट-मोजे काढायला लावले आणि तळपायाला तूप लावून काशाची वाटी चोळायला सुरुवात केली. अंगातली उष्णता उतरली की माणूस जागा होतो, असं त्यांचं म्हणणं. पाऊण तास चोळलं. तळवे काळेकुट्ट झाले. “बघ कवरी उष्णता!” असं गोदूबाई प्रत्येकाला दाखवत होत्या. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं, ते कुशीवर वळले आणि आधीपेक्षा गाढ निजले. मी मनात मोहन्याची कुडाची खोली सारवायला घेतली.

रात्री साडेआठच्या सुमाराला साहेब आपण होऊन जागे झाले. आळस दिला. तळवे पाहिले. भोवतीची तीस माणसं पाहिली. मग इंग्रजीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा, की पाच वर्षं, या देशात पाय ठेवल्यापासून, त्यांना सलग दोन तास झोप लागलेली नाही. आज साडेतीन तास लागली. हे कोणत्या बाईनं केलं?

मी पुढे झाले. साहेबांनी उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं. तळपायाचं तूप लागून घसरले, पण उभे राहिले. मग पायसांच्या हातातला कागद पाहून म्हणाले, “मोहने? या कुटुंबाला? अजिबात नाही. बुधवारी माझ्या कल्याणच्या तळावर हुकूम घेऊन या, रद्द करून सही देतो. आणि मॅडम, कृती लिहून द्या.”

त्या घटकेला माझ्याइतकी शहाणी बाई ठाणे जिल्ह्यात नव्हती. मी तिथल्या तिथे टाक घेतला आणि सुवाच्य इंग्रजीत कृती लिहिली. सगळं व्यवस्थित झालं, फक्त ‘वळसा’ला इंग्रजी शब्द आठवेना. ‘राउंड’ लिहिलं, बरं दिसेना. ‘टर्न’ लिहिलं, खोडलं. साहेब घड्याळ पाहत होते. म्हणून मी नुसता आकडा घातला. ज्याला आकडा आहे त्याला अर्थ आहे.

बुधवारी सकाळी पायस हुकूम घेऊन कल्याणला गेले. दुपारी थेल्माच्या घुटीचं जायफळ संपलं म्हणून मी दौलत वाण्याकडे गेले.

“जायफळ नाही, बाई,” दौलत म्हणाला. “परवा साहेबांचा बटलर आला होता. ऐंशी नेली. पेठेत होती नव्हती ती सगळी.”

“ऐंशी? एवढी कशाला?”

“मीही विचारलं. म्हणाला, रोज वीस, चार दिवसांची.”

मी तराजूची साखळी धरून उभी राहिले. माझ्या कृतीत स्वच्छ, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: जायफळ, वीस. पुढे काही नाही.

तशीच तारघरात धावले आणि तार केली: जायफळ नको. उत्तर आलं, पण ते माझ्या तारेचं नव्हतं. वाटेत दोन्ही तारा एकमेकींना ओलांडून गेल्या असाव्यात. पायसांची तार अशी होती: ‘साहेब खुशीत. आग्रहाने मलाही पेला देत आहेत. सही उद्या सकाळी.’

गुरुवारची सकाळ झाली. शुक्रवारची झाली. मी आणखी तीन तारा केल्या. काल वॉल्टरभाऊजींना पाठवलं, बजावून सांगितलं, काही झालं तरी काही पिऊ नका. ते म्हणाले, “डोरोथी, मी कायदा जाणणारा माणूस.” तेही परत आलेले नाहीत. कुणी पेला पुढे केला तर नाही म्हणावं असं कायद्यात कुठे लिहिलेलं नसावं.

आज शनिवार. सोमवारी एक तारीख. सही न झालेला हुकूम सोमवारी लागू होतो. मी स्वतः गेले असते, पण परवाच थेल्माला देवी टोचल्या, दंड सुजला आहे, अंग कोमट आहे. तिला नेववत नाही आणि ठेववत नाही. गोदूबाई शेजारी बसून आहेत.

म्हणून हे लिहून संपादकांकडे धाडते आहे आणि छापखान्यानं हात जरा भराभर चालवावा अशी विनंती करते आहे. वाचकांत कुणी कल्याणचे असाल, किंवा त्या वाटेनं जाणारे, तर एवढं करा. खाडीच्या बाजूला आमराईत आबकारीचे तंबू आहेत. मधल्या मोठ्या तंबूत खाटेवर साहेब असतील. ते हसत असतील, त्यांना तूर्त राहू द्या. दाराशी आमचे भाऊजी आडवे असतील, त्यांना ओलांडून जा. टेबलाशी, कागदावर गाल टेकून, हातात अजून टाक धरून, एक सडपातळ गृहस्थ निजलेले दिसतील. अक्षर मोत्यासारखं. ते आमचे.

आधी नाकाशी आरसा धरून पाहा. पुसून पुन्हा एकदा पाहा. मग हलवू नका, खोकू नका, काशाची वाटी तर मुळीच नको. नुसतं वाकून कानात सांगा, थेल्मा रडते आहे.

ते उठतील. नाहीच उठले, तर एकदा आणखी सांगा, थोडं मोठ्यानं.